विद्यार्थ्याचे अन्न : दान की देणे?

काही विद्यापीठांतून आणि महाविद्यालयांतून प्राध्यापक, लिपिक व शिपाई आपसांत वर्गणी काढून गरजू विद्यार्थ्यांच्या खानावळीचे पैसे भरतात. ही वर्गणी स्तुत्य आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो निराळाच. हिला दान म्हणावे की देणे? वरवर पाहता हा केवळ शब्दभेद वाटेल. परंतु जेवणाऱ्या मुलाची मान ताठ राहणार की खाली जाणार, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

विद्यार्थ्याला जेवू घालण्याची आमच्या समाजाची रीत जुनी आहे. माधुकरी मागून, वार लावून कित्येक पिढ्या शिकल्या. पुण्यात १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातील मुलेही माधुकरीवर वाढली. ज्या घरांनी हे अन्न घातले, त्यांचे उपकार थोर होत. तथापि त्या रीतीत दोन उणिवा होत्या. मुलाला रोज परक्या दारात उभे राहावे लागे, आणि ते दार बहुधा जात पाहूनच उघडे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. त्या पंक्तीतले मूल याचक नव्हते. ते घरचे होते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. प्राथमिक शाळेतील मुलांना शिजविलेले अन्न द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांचा माध्यान्ह भोजनावरील हक्क मान्य केला. आठवीनंतर तो हक्क संपतो. भूक मात्र संपत नाही. खेड्यातून शहरात आलेल्या मुलाला फीची सवलत मिळते, शिष्यवृत्ती उशिरा का होईना येते. पण महिनाअखेरीस खानावळीचे पैसे नसले, म्हणजे तो एक वेळ जेवतो आणि ते कोणास सांगत नाही.

यावर काही सुज्ञ म्हणतात, 'हे काम सरकारचे आणि समाजाचे. शिक्षकांनी ते अंगावर घेतले, तर खरा जबाबदार सुटतो.' हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. परंतु कर्जदाराने कर्ज थकविले आणि जामीनदाराने ते फेडले, तर कर्जदार सुटतो काय? मुळीच नाही. १८७२ च्या करार कायद्याचे १४० वे कलम सांगते की, जामीनदाराने देणे भागविले की सावकाराचे मूळ कर्जदाराविरुद्धचे सर्व हक्क त्याच्याकडे येतात. आमच्या मते वर्गणी काढणाऱ्या शिक्षकाची नैतिक भूमिका हीच आहे. ज्या समाजाने मुलाला 'शीक' म्हणून बोलाविले, तो ऋणको, मूल धनको, आणि शिक्षक जामीनदार. म्हणून शिक्षकाने आज ताट वाढावे, आणि उद्या शासनाकडे, संस्थाचालकांकडे त्याचा हिशेब अधिकाराने मागावा. जो नुसतेच ताट वाढतो, त्याचे काम अर्धेच होते. आणि जो नुसतीच मागणी करतो, त्याच्या मागणीचा निकाल लागेपर्यंत मूल उपाशी राहते.

हे एकदा मान्य केले, की संकोच कोणी बाळगावा, हेही ठरते. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत, अध्ययन संपविलेल्या शिष्याला आचार्य दानाविषयी जो उपदेश करतात, त्यात देणाऱ्याच्या मनात लज्जा असावी, असेही सांगितले आहे. घेणाऱ्याने लाजावे, असे तेथे नाही. आपण मात्र नेमके उलटे करतो. मुलाकडून गरिबीचा अर्ज लिहून घेतो, समारंभात त्याला व्यासपीठावर उभे करतो, देणगीदाराशेजारी त्याचे छायाचित्र काढतो. ऋणकोने धनकोस असे मिरविल्याचे कोणी ऐकले आहे काय? खानावळीचे कूपन सर्वांचे सारखे असावे. ते कोणाच्या पैशाचे, हे वाढप्यासही कळू नये. जमाखर्च तेवढा चोख आणि उघडा असावा. मुलांची नावे मात्र झाकलेली राहावीत.

आमच्या देवळांना ही शिस्त अपरिचित नाही. महाप्रसादाच्या पंगतीत बसणाऱ्याला कोणी त्याची मिळकत विचारीत नाही, आणि शेजारी बसलेला यजमान कोण, हे पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसते. ज्या गावी देवस्थान आहे आणि महाविद्यालयही आहे, तेथील विश्वस्तांनी प्राध्यापकांना एकदा बोलावून विचारावे, की महिनाअखेरीस किती मुले एक वेळ जेवतात. उत्सवापुरती उघडणारी पाकशाळा त्या आठवड्यातही उघडता येईल. मात्र त्या पंगतीस दान म्हणू नये. ते थकलेले देणे आहे.