धनवान शेतकरी आणि भावाचा वाटा



तीन वर्षांतून एकदा, सामान्य काळातील १८ व्या रविवारी, आपण मिस्सात धनवान शेतकऱ्याचा दाखला ऐकतो (लूक १२:१३-२१). दाखला लक्षात राहतो, तो कशावरून निघाला हे आपण विसरतो. गर्दीतल्या एकाने, आपला भाऊ वडिलोपार्जित मालमत्तेचा वाटा देत नाही, अशी तक्रार येशूपुढे मांडली होती. प्रभूने वाटणी करून दिली नाही. त्याने लोभाविषयी सावध केले आणि हा दाखला सांगितला. सातबाऱ्यावरून आपल्याकडे किती घरांत बोलणे बंद आहे, हे मी सांगायला नको.

त्या शेतकऱ्याने चोरी केलेली नाही. कुणाची मजुरी बुडवली असेही लिहिलेले नाही. पण त्याचे बोलणे वाचा. पीक माझे, कोठारे माझी, माल माझा, जीवही माझाच. बायको-मुले, गडीमाणसे, शेजारी यांपैकी कुणीच त्यात नाही.

संत बेसिल यांचे या दाखल्यावरील प्रवचन आजही वाचायला मिळते. इ.स. ३६९ च्या सुमारास कैसरियात (आजच्या तुर्कस्तानातील कायसेरी) मोठा दुष्काळ पडला, तेव्हाचे ते मानले जाते. बेसिल त्या वेळी धर्मगुरू होते. बिशप झाले ३७० मध्ये. भाव चढण्याची वाट पाहत धान्य दडवणारे लोक समोर बसलेले. बेसिल म्हणतात, 'आता काय करू?' हा प्रश्न तर कंगालाचा, आणि इथे तो भरल्या घरातला माणूस विचारतो आहे. कोठारे कमी पडतात? गरिबांची घरे आहेत की! नुसते बोलून ते थांबले नाहीत. भुकेल्यांना त्यांनी स्वतः जेवू घातले.

आपल्याकडे लोभ उघड्या तोंडाने येत नाही. 'मुलांसाठीच तर करतो,' असे म्हणत येतो. हे अगदी खोटेही नसते, म्हणून तर सोडवत नाही. पुरे म्हणजे किती, तो आकडा मात्र कुणी ठरवलेला नसतो. जागेला भाव आला की बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच असतो. ती आपणहून सोडत असेल तर प्रश्न नाही. पण तिला कधी विचारले का?

ज्यांच्या कपाटात असा कागद आहे, त्यांनी या आठवड्यात तो भावा-बहिणींसोबत बसून मोठ्याने वाचावा. वकिलाला नंतर बोलावता येईल.