चेहरा लिहिताना

बदलापूरची एक मुलगी इंग्रजीत कथा लिहिते. कथेतल्या आईला फोन येतो आणि पुढचं वाक्य येतं, ‘हर फेस बिकेम व्हेरी सॅड.’ व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही, तरी ते वाचून आई डोळ्यांसमोर उभी राहत नाही. विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात इंग्रजीत लिहू पाहणारी अशी मुलं मला नेहमी भेटतात. कुणाच्या घरात मराठी, कुणाच्या घरात सिंधी, गल्लीत हिंदी आणि शाळा इंग्रजी. त्यांचं इंग्रजी कच्चं नाही. रस्ता, पाऊस, भांडण ती छान लिहितात. माणसाच्या चेहऱ्याशी आली की अडतात.

खरं तर घरात त्यांनी केवढं ऐकलेलं असतं! चेहरा पडतो, उतरतो, खुलतो. तोंड एवढंसं होतं. कपाळाला आठ्या पडतात, गाल फुगतात, नाकं मुरडली जातात, डोळे वटारले जातात. इंग्रजीत शिरताना हे सगळं दाराबाहेर राहतं आणि हातात उरतात ते ‘सॅड’, ‘हॅपी’, ‘अँग्री’, ‘शॉक्ड’ असे चार शिक्के. एखादा धीट मुलगा घरचं बोलणं जसंच्या तसं नेतो आणि लिहितो, ‘मदर मेड बिग आयज.’ इंग्रज वाचकाला वाटतं, आई चकित झाली. आई तर रागावलेली असते.

इंग्रजीचा स्वभाव असा, की चेहऱ्यावरची हालचाल ती बहुतेक वेळा एकाच क्रियापदात बसवते. डोळे वटारून पाहणं म्हणजे ‘ग्लेअर’. दुखऱ्या जागी धक्का लागल्यावर चेहरा क्षणभर आक्रसतो, ते ‘विन्स’. रुसून ओठ पुढं काढणं म्हणजे ‘पाउट’. म्हणून ‘शी मेड ॲन अँग्री एक्स्प्रेशन’ असं लांबण लावण्यापेक्षा ‘शी ग्लेअर्ड ॲट हिम’ हे सरळ आणि जिवंत. ‘फ्राउन’ जरा जपून वापरावं लागतं. ब्रिटनमध्ये ते आठ्या घातलेल्या कपाळाचं, अमेरिकेत ओठांचे कोपरे खाली गेलेल्या तोंडाचंही. नाक मुरडण्याचंही तसंच. वास आला म्हणून आक्रसलेलं नाक वेगळं आणि पसंत नाही म्हणून उडवलेलं नाक वेगळं. इंग्रजी त्यांना वेगवेगळे शब्द देते. अधूनमधून दोन्ही भाषा एकाच जागी भेटतातही. चेहरा मराठीत पडतो तसा इंग्रजीतही पडतो, ‘हिज फेस फेल’.

पण क्रियापदांची यादी पाठ करून काम भागत नाही. आधी बघावं लागतं. चार्ल्स डार्विन या बाबतीत फार काटेकोर होता. माणूस आणि प्राणी यांच्या भावदर्शनावरचं त्याचं पुस्तक 1872 सालचं. त्याआधी, 1867 मध्ये, त्यानं सोळा प्रश्नांचं एक पत्रक जगभरच्या ओळखीच्या लोकांना धाडलं होतं. त्याची विचारण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. तिकडचे लोक आश्चर्यचकित दिसतात का, एवढ्यावर तो थांबत नाही. आश्चर्य वाटल्यावर डोळे आणि तोंड विस्फारतं का, भुवया वर जातात का, हे विचारतो. शिवाय बजावतो, की आठवणीवर विसंबू नका, प्रत्यक्ष पाहाल तेच कळवा. लेखकानं टेबलासमोर लावून ठेवावी अशी ही सूचना आहे.

त्यातला एक धागा थेट आपल्याकडं येतो. डार्विनसाठी आपल्याकडच्या, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातून एच. अर्स्किन नावाच्या गृहस्थांनी निरीक्षणं केली. त्यांना खात्रीचं काही सांगणं कठीण गेलं, कारण युरोपियन माणसासमोर इथले लोक आपल्या भावना झाकून ठेवत. डार्विननं हे पुस्तकाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवलंय. मला ही नोंद फार मोलाची वाटते. साहेबापुढं उभ्या राहिलेल्या त्या नगरी माणसाच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, म्हणून आत काही चाललं नव्हतं थोडंच! तो चेहरा लिहायचा तर न दिसणारं कसं लिहाल? घट्ट मिटलेले ओठ लिहाल, जमिनीवर खिळलेली नजर लिहाल.

कातडीच्या रंगातून दिसण्याजोगी असेल तिथं लाजेनं लाली येते का, हेही डार्विननं त्याच पत्रकात विचारलं होतं. आमच्या मुलांनी मात्र परदेशी कादंबऱ्या वाचून ‘हिज फेस वेंट रेड’ आणि ‘शी टर्न्ड व्हाइट ॲज ए शीट’ उचललेलं असतं. उल्हासनगरच्या बाजारात उभा असलेला सावळा मुलगा लाजला तर टोमॅटोसारखा लाल दिसत नाही. त्याचे कान तापतात, मान खाली जाते, ओठ उगाच हलतात. इंग्रजी सहज वाटायला हवी ती इंग्रजी म्हणून. चेहरा आपलाच राहायला हवा. दोन्ही जमलं तर ते वाक्य इथलं होतं. एखादं वाक्य लंडनमध्ये खपेल आणि उल्हासनगरच्या कॅम्प नंबर पाचमध्ये कुणालाच लागू पडणार नाही, असं असेल तर ते मी सरळ खोटं मानतो.

शिक्का मारण्यात दुसरीही एक चूक आहे. ‘तो रागावला’ हा आपला निकाल असतो, ‘त्याचा जबडा आवळला’ हे आपण पाहिलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये चेहरा आणि भावना यांच्या नात्यावरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. त्यात दिसलं, की माणसं रागात असताना सरासरी तीसेक टक्केच वेळा कपाळाला आठ्या घालतात. बाकीच्या वेळी राग कुठं गप्प बसण्यात असतो, कुठं हसण्यातही. आणि आठ्या काय, नुसतं लक्ष देऊन ऐकतानाही पडतात. म्हणून लिहिणाऱ्यानं पाहिलेलं आधी मांडावं, निकाल वाचकाला करू द्यावा.

आपल्या परंपरेला हे कधीच उमगलं होतं. नाट्यशास्त्रात नजरेचे छत्तीस प्रकार सांगितलेत. भुवयांच्या सात हालचाली, गालांच्या सहा, खालच्या ओठाच्या सहा. मानेच्याही नऊ आहेत, आणि ही मान लिहिताना हमखास विसरली जाते. वालधुनीकाठच्या अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलात तर बाहेरच्या मूर्ती निवांत बघा. मंदिरातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा. इतक्या पावसाळ्यांत कित्येक मूर्तींचे नाक-ओठ झिजलेत. तरीही मान कशी कललीय, कंबर कुठं वळलीय, हात कुठं टेकलाय, यावरून मूर्तीचा भाव कळतो. चेहऱ्याचं वर्णन अडलं की मुलांना मी हेच सांगतो: हात बघ, खांदे बघ.

बदलापूरच्या त्या मुलीनं वाक्य पुन्हा लिहिलं. सकाळच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, अंबरनाथ ते उल्हासनगरच्या दरम्यान तिनं एका बाईला फोनवर बोलताना पाहिलं होतं. त्या बाईचा चेहरा जवळजवळ हललाच नव्हता. खालचा ओठ दातांखाली गेला होता आणि अंगठा फोनच्या कडेवरून सारखा फिरत होता. मुलीनं कथेतल्या आईला तो ओठ आणि तो अंगठा दिला. ‘सॅड’ शब्द पूर्ण गेला. इंग्रजी साधीच राहिली, आठवीतल्या पोराला समजेल एवढी साधी. पण आता ती आई वाचणाऱ्याला दिसते, आणि फोनवर काय बातमी आली असेल या काळजीनं तो पुढचं पान उलटतो.

तुमच्या घरात कुणी इंग्रजीत लिहू लागलं असेल तर त्याला विशेषणांची यादी देऊ नका. आज संध्याकाळी एकच चेहरा नीट पाहायला सांगा. अनोळखी माणसाकडं टक लावून नको, घरातल्याच कुणाचा, आजीचा किंवा कामावरून आलेल्या बाबांचा. मग भावनेचं नाव न घेता दोन ओळी लिहायला सांगा. आधी मराठीत लिहिल्या तरी चालतील. त्या ओळी वाचून हा चेहरा कुणाचा, हे घरच्यांना ओळखता आलं, की इंग्रजीला हात घालू द्या.