आपले गाणे कोणते?

संगीतात ‘आपले’ कशास म्हणावे, हा प्रश्न हुबळी-धारवाडच्या रसिकास विचारला, तर त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. ज्या गायकीचा आम्हांस अभिमान वाटतो, तिचा उगम या मातीत नाही. उत्तरेकडील कैरान्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेस स्थायिक झाले. त्यांच्यापाशी कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, शिकले; आणि सवाई गंधर्वांची तालीम घेण्यासाठी गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळास जात असत. गंगूबाईंच्या मातोश्री अंबाबाई कर्नाटक पद्धतीच्या गायिका होत्या. लेकीच्या गळ्यावर आपल्या गाण्याची छाया पडू नये, म्हणून त्यांनी स्वतःचे गाणे थांबविले. दूरची गायकी आमची झाली ती अशा त्यागाच्या बळावर.

हे सांगण्याचे कारण असे, की आपल्या घरांतील काही मुले आज गिटार आणि ड्रम घेऊन एकत्र जमतात, रॉक संगीताचा बँड काढतात. आणि ‘हे आपले नव्हे’ एवढ्यावर वडीलधारी मंडळी त्या विषयाचा निकाल लावून मोकळी होतात. हा निकाल न्यायाचा आहे काय? प्रत्यक्ष घडलेले एक उदाहरण घेऊन विचार करू.

1984 साली मुंबईत ‘रॉक मशीन’ नावाचा बँड स्थापन झाला. पुढे त्यात सहा जणांचा संच स्थिरावला. महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटार वाजवीत, उदय बेनेगल गात. मार्क सेल्विन, मार्क मेनेझिस व झुबिन बालापोरिया हे त्यांचे साथीदार. यांतील काही आडनावे आमच्या वाचकांस मुळीच परकी वाटणार नाहीत. त्या काळी आपल्याकडे रॉक वाजविणे म्हणजे बहुधा इंग्लंड-अमेरिकेतील गाजलेली गाणी हुबेहूब वठविणे. श्रोत्यांची मागणीही तीच. या मंडळींनीही आरंभी तेच केले. परंतु तेथे ती थांबली नाहीत. स्वतःची गाणी रचून त्यांनी 1988 साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि 1990 साली ‘द सेकंड कमिंग’ हे संग्रह काढले. 1993 साली त्यांनी बँडचे नाव बदलून ‘इंडस क्रीड’ असे ठेवले आणि सिंधूचे नाव आपल्या नावात आणले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नक्कल करणे हा दोष आहे काय? तसे म्हटले, तर प्रत्येक शिष्य दोषी ठरेल. कारण गुरूच्या गळ्यातील जागा जशीच्या तशी उचलण्यातच शिक्षणाचा आरंभ असतो. भेद आहे तो निराळा. गुरू समोर बसलेला असतो आणि चूक होताच थांबवितो. ध्वनिमुद्रिका कोणास थांबवीत नाही. म्हणून बँडमधील मित्रांनाच एकमेकांचे गुरू व्हावे लागते. ‘तुझा सूर लागला नाही’, ‘ही चाल उसनी आहे’, असे जिवलग मित्रास सांगावयाचे आणि त्याने ते ऐकून घ्यावयाचे, हे सोपे व्रत नव्हे. आमच्या मते अशा संचाच्या पहिल्या वर्षांतील खरी कसोटी हीच. पैशाची व जागेची अडचण तिच्यापुढे दुय्यम होय.

दुसरी कसोटी श्रोत्यांपुढे लागते. ओळखीच्या गाण्याला टाळी ठरलेली असते; नव्या गाण्याला ती मिळेलच असे नाही. आपणांस काही सांगावयाचे आहे हे ठाऊक असूनही केवळ टाळीसाठी जो उसन्या सुरावर राहतो, त्याची नक्कल तेथपासून दोषास पात्र ठरते.

यावर आक्षेप येईल, की भाषा इंग्रजी, वाद्ये विलायती, मग नुसत्या रचनेने गाणे आपले कसे होईल? या आक्षेपात तथ्य आहे. नाव बदलल्याने स्वत्व येत नाही. नाव हा फार तर संकल्प, आणि संकल्पानंतर कर्म उरतेच. परंतु आमच्या देवळांतील भजनास साथ करणारी पेटीही युरोपातून आलेली आहे, याचे आज कोणास स्मरण होते? अनेक पिढ्यांच्या हातांनी ती सेवेत राबली, म्हणून ती आपली झाली.

स्वातंत्र्य म्हणजे ऋणातून सुटका, अशी समजूत तरुणांत असते. आपल्या परंपरेने ऋषिऋण मानले आहे, आणि ते अध्ययनाने फेडावयाचे असते. स्वतंत्र कलावंतावरही ऋण असतेच. कोणाचे ते त्याने उघडपणे सांगावे, आणि स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जोखमीवर त्यात भर घालावी. त्याचे फळ यशच असेल, असे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही. ‘इंडस क्रीड’ 1997 साली विसर्जित झाला. 2010 साली पुन्हा जुळला आणि 2012 साली ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रह त्याने दिला. मधली तेरा वर्षे रिकामी गेली, म्हणून आधीचा निर्णय चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही.

मुलांस ‘हे आपले आहे काय?’ असे विचारण्याऐवजी आम्ही दोन प्रश्न विचारू: चूक दाखविणारा कोण तुम्ही जवळ केला आहे? आणि या गाण्यासाठी काय सोडावयास तुम्ही सिद्ध आहात? उत्तर प्रामाणिक असेल, तर एखाद्या संध्याकाळी देवस्थानच्या सभागृहाची किल्ली त्यांच्या हाती द्यावी, आणि त्यांनी स्वतः रचलेले एक गाणे शेवटपर्यंत बसून ऐकावे.