आजचं एक गाणं

आमच्या कर्जत-खालापूर भागात शाळेला अचानक सुट्टी मिळणं नवं नाही. जुलैमध्ये पाऊस दोन-तीन दिवस सलग कोसळला, इकडे उल्हास आणि तिकडे पाताळगंगा काठोकाठ भरली, की रात्री निरोप येतो, उद्या शाळा बंद. मुलं खूश होतात आणि पाऊस ओसरला की पुन्हा दप्तर पाठीवर घेतात. मार्च २०२०मध्ये करोनामुळे बंद झालेली शाळा मात्र अशी उघडली नाही. गावाकडच्या पहिली ते चौथीच्या मुलांचे वर्ग भरले ते थेट १ डिसेंबर २०२१ला. वीस महिन्यांहून जास्त काळ गेला. मधेच ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलं. रायगडात घरांचे पत्रे आणि कौलं उडाली, कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा दिवसांत गणित आणि भाषेचा अभ्यास फोनवरून कसाबसा चालू राहिला. गाण्याचा तास आठवड्यातून एकदाच. तो राहून गेला असता तरी कुणी विचारलं नसतं.

ओळखीतल्या एका संगीताच्या बाईंना मात्र तो राहून जाऊ द्यायचा नव्हता. त्यांनी आधी मुलांना फोनवरून एकत्र गायला लावून पाहिलं. ते होत नाही. प्रत्येकाचा आवाज थोडा थोडा उशिरा पोचतो. एकाची सम येऊन जाते तेव्हा दुसरा अजून तिच्याकडे निघालेला असतो. शाळेतल्या गाण्याचा खरा आनंद सगळ्या वर्गाचे गळे एका सुरात लागण्याचा, आणि नेमका तोच फोनवरून मिळेना. मग बाईंनी ठरवलं, एकत्र गाता येत नाही तर एकत्र ऐकू या. तेव्हापासून रोज सकाळी पालकांच्या फोनवर त्यांचा निरोप यायला लागला. एका गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव आणि खाली एक ओळ.

ती खालची ओळ मला फार मोलाची वाटते. “गाणाऱ्या बाई श्वास कुठे घेतात ते शोधा.” “आज शब्द सोडून द्या, फक्त पेटी ऐका.” “टाळी धरा आणि सांगा, दादरा की केरवा?” दादऱ्याच्या मात्रा सहा, केरव्याच्या आठ. बोटांवर मोजता मोजता मुलाला ते कळून जातं. कधी भूपातलं गाणं असायचं. भूप हा पाचच स्वरांचा राग, सा रे ग प ध. “यात म किंवा नी सापडला तर मला कळवा,” असं बाई लिहायच्या, आणि मुलं ते दोन स्वर शोधत गाणं पुन्हा पुन्हा ऐकायची. नुसतं ‘छान आहे, ऐका’ म्हटलं तर कान तसाच राहतो. त्यात काय ऐकायचं ते कुणी हळूच दाखवलं की तो तिकडे वळतो, आणि तीन-चार मिनिटांचं ते गाणं उलगडायला लागतं. एरवी तेच गाणं आपण भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना कितीदा ऐकलेलं असतं.

आणि गाणं रोज एकच. हेही मला मनापासून पटतं. आता फोनवर हवं ते गाणं हव्या त्या वेळी मिळतं, म्हणून अर्धं ऐकून आपण पुढचं लावतो. आपल्या आजी-आजोबांनी गीतरामायण असं ऐकलं नाही. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, त्यातलं पहिलं गाणं लागलं. कल्पना सीताकांत लाडांची, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. आठवड्याला एक नवं गाणं. वर्षभर हे चाललं आणि छप्पन्न गाणी झाली. पुढचं गाणं आठवडाभर मिळणारच नव्हतं, त्यामुळे मिळालेलं गाणं आठवडाभर घरात राहायचं. कुणी ना कुणी ते गुणगुणत असायचं. रेडिओ तेव्हा घरोघरी नव्हता. ज्याच्याकडे होता त्याच्या ओटीवर शेजारपाजारचे जमायचे. बाईंच्या मुलांचंही काहीसं तसंच होतं. सगळ्यांच्या घरी चांगला फोन नव्हता. माथेरानच्या डोंगराखालच्या काही वाड्यांत रेंजसाठी उंचवट्यावर जावं लागायचं. तिथे एका फोनवरचं गाणं चार घरची मुलं लांब लांब बसून ऐकायची. मला वाटतं, त्या मुलांना गाणं जास्त मिळालं. एकानं ठेका धरला की दुसरा त्याला चूक काढून दाखवी, मग गाणं परत पहिल्यापासून.

ऐकण्याला आपण सहसा अभ्यास मानत नाही. वही भरली, परीक्षा दिली, की अभ्यास झाला असं धरतो. पण कुमार गंधर्वांची गोष्ट आठवा. ऐन तारुण्यात, १९४७च्या सुमाराला त्यांना क्षयानं गाठलं. चांगल्या हवेसाठी ते माळव्यात देवासला जाऊन राहिले. पुढची पाच-सहा वर्षं त्यांना गायची मनाई होती. लहानपणापासून मैफिली गाजवलेल्या माणसाला याहून कठीण काय असेल? पण अंथरुणावर असताना आसपासच्या बायामाणसांची गाणी त्यांच्या कानावर येत राहिली, आणि ती त्यांनी कान देऊन ऐकली. पुढे माळव्यातली ही लोकगीतं त्यांनी गोळा केली, त्यांच्या धुनांमधून नवे राग उभे केले. त्यांच्या नंतरच्या गाण्यात ते ऐकणं जागोजागी भेटतं. गळा बंद होता त्या वर्षांत त्यांचा अभ्यास थांबला होता, असं कोण म्हणेल?

एका सकाळी बाईंनी गाण्याचं नाव पाठवलंच नाही. “आज घरातल्या मोठ्या माणसाला एक गाणं म्हणायला सांगा,” एवढंच लिहिलं. कुणाच्या आजीनं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. कुणाच्या मावशीनं आवणीच्या वेळी चिखलात वाकून म्हणतात ते गाणं म्हटलं. ठाकरवाडीतल्या एका मुलीनं आजोबांचं नाचाचं गाणं फोनमध्ये भरून पाठवलं. जातं घरातून जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, ओव्या मात्र आजीच्या तोंडी जशाच्या तशा होत्या. “आजी, तुला गाणं येतं हे कधी बोलली नाहीस,” असं नात म्हणाली, तर आजी म्हणाली, “तू कधी म्हण म्हणालीस?” हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी आपल्या बोरघाटापलीकडच्या, मावळ-मुळशीच्या बायांच्या आहेत. कुणीतरी समोर बसून ‘म्हणा’ म्हटलं, म्हणून त्या बायांनी त्या म्हटल्या.

रोजचं गाणं निवडताना बाईंना आधी मुलं आठवावी लागायची. कोण कंटाळलंय, कुणाच्या वडिलांचं काम बंद आहे, कुणाला ताल चटकन कळतो, कोण आज हसायला हवं. कुणासाठी गाणं निवडायचं म्हणजे तेवढा वेळ त्या माणसाजवळ बसायचं. ही सवय शाळा उघडी असतानाही लावून घेता येते, आणि तुम्हाआम्हालाही. खोपोलीहून सकाळची लोकल धरत असाल तर लौजी येईपर्यंत एक गाणं ऐकून होईल. कर्जतहून निघालात तर भिवपुरीपर्यंत एक पूर्ण होईलच, वर थोडा वेळ उरेल. त्या उरलेल्या वेळात ते कुणाला पाठवायचं ते ठरवा. गावी एकटे राहणारे वडील, नोकरीसाठी लांब गेलेली मुलगी, बरेच दिवस बोलणं न झालेला मित्र. दहा गाणी पाठवू नका, एकच पाठवा. आणि खाली एक ओळ लिहा. मुलीला लिहा, दुसऱ्या कडव्याआधीची बासरी ऐक. वडिलांना विचारा, बाबा, तुम्ही भजनात धरायचात तो ठेका हाच का? बाबांना टाइप करायला वेळ लागतो. दुपारी त्यांचा फोन येईल आणि ते ठेका तोंडानं म्हणूनच दाखवतील. त्यासाठी डबा खाताना पाच मिनिटं मोकळी ठेवा.