काचेची साक्ष

सिरीयलमधली नायिका फोनकडे बघून रडते, तेव्हा त्या फोनवरचा मेसेज बहुतेकदा माझ्यासारख्या कुणीतरी नंतर बसवलेला असतो. या कामाला कंपोझिटिंग म्हणतात. शूटिंगच्या वेळी तो फोन हिरवा तरी असतो, नाहीतर बंद.

मेसेज बसवणं तसं सोपं. कस लागतो तो काचेचा. नुसतं चित्र चिकटवलं की फोन पुठ्ठ्याचा वाटतो. साधी काच समोरून येणाऱ्या प्रकाशापैकी साधारण ४ टक्के प्रकाश परत पाठवते; ती खूप तिरकी झाली की हे प्रमाण झपाट्याने वाढतं. हा प्रकाश स्क्रीनच्या उजेडाला झाकत नाही, त्यात मिळतो. म्हणून पांढऱ्या चॅटवर खिडकीचं प्रतिबिंब विरून जातं आणि काळ्या वॉलपेपरवर ठळक दिसतं. जाणते लोक स्क्रीन बंद ठेवूनच शूट करतात. काळ्या काचेवर खरी खिडकी, खरे बोटांचे ठसे आयते मिळतात. ते अ‍ॅड मोडने नव्या चित्रावर चढवायचे. त्याच काचेत कॅमेरामनही दिसत असतो. त्याला मात्र पुसायचं.

म्हणजे खरोखर हजर असलेला माणूस गायब, आणि कधीच न आलेला मेसेज हजर. याला फसवणूक म्हणायचं का? मला नाही वाटत. २०१३च्या ‘ग्रॅव्हिटी’त अंतराळवीरांच्या हेल्मेटची काच बरीचशी कॉम्प्युटरवर घडवलेली आहे, तिच्यातल्या प्रतिबिंबांसकट. तिकीट काढून बसलेल्या कुणाचं त्यात नुकसान झालं नाही. गोष्ट ऐकायला आपण स्वखुशीने बसलेलो असतो.

पण मध्यंतरी ओळखीतल्या एकाने विचारलं, “जुना फोन गेला, त्यातलं चॅट पण गेलं. पैसे घेतल्याचं त्याने त्यात कबूल केलं होतं. फोन हातात धरलाय असा व्हिडिओ बनवून दे ना. थोडं रिफ्लेक्शन टाक, म्हणजे खरं वाटेल. मी काही खोटं लिहायला सांगत नाहीये.”

मी नाही म्हटलं. तो खरं बोलत होता असंच मला आजही वाटतं, आणि म्हणूनच हा नकार मला स्वतःला समजावून सांगावा लागला.

मेसेजमधले शब्द एक गोष्ट सांगतात. काचेवरची खिडकी वेगळीच सांगते: हा फोन या खोलीत होता, त्यावर हे उमटलं होतं, कुणीतरी ते पाहिलं. शब्द खरे असले तरी ही दुसरी साक्ष मी रचलेली असती. आणि स्क्रीनशॉटवर विश्वास न ठेवणारा माणूस नेमका तिलाच भुलला असता, कारण धूळ, ठसे, चकाकी कुणी मुद्दाम बनवत असेल असं आपल्या मनात येत नाही.

मित्राचे पैसे बुडाले असतील. त्याने आठवणीतून लिहून, खाली सही करून दिलं असतं तर मी आनंदाने सोबत गेलो असतो. त्या कागदावर विश्वास ठेवायचा की नाही, हे वाचणाऱ्याला स्वतः ठरवता आलं असतं. माझ्या व्हिडिओने ते त्याच्या नकळत आधीच ठरवून टाकलं असतं.