सुई कोणाच्या हातात?

माझ्या आजीच्या उजव्या हातावर तुळस गोंदलेली होती. कपाळावर तीन ठिपके, हनुवटीवर एक. दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या विहारात अभ्यासवर्ग होता. विषय बावीस प्रतिज्ञांचा, बोलणारा मी. आजी पुढच्या रांगेत बसलेली. बोलण्याच्या भरात मी म्हणालो, "आपण देव नदीत सोडले, पण काहींच्या हातावर तुळस अजून हिरवीच आहे!" पोरं खो खो हसली. आजीनं पदर ओढून हात झाकला. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "लेकरा, देव सोडले नदीत. आता हात बी तोडून सोडू व्हय?"

मला उत्तर सुचलं नाही. सूतगिरणीत रातपाळीला तुटलेले धागे सांधताना तोच प्रश्न डोक्यात फिरायचा. आजी आता नाही. हे लिहिणं म्हणजे तिला उशिरा दिलेलं उत्तर.

आजी सात वर्षांची असताना गोंदणारी बाई दारात आली. दोघींनी पोरीचे हातपाय दाबून धरले. एकत्र बांधलेल्या सुया, काजळी आणि शेरभर जोंधळे, एवढ्यावर काम झालं. रडली तेव्हा सांगितलं, गप, हाच दागिना मेल्यावर संगं येतो. बाकीचे सावकार नेतो. तुळस पाहिजे की नको, हे तिला कोणी विचारलं नाही. बाईच्या जातीला कोण विचारतो? म्हणजे ज्या खुणेबद्दल मी तिला जाब विचारला, ती खूण तिनं निवडलेलीच नव्हती. निवड तिची नाही आणि लाज मात्र तिची! हा कुठला न्याय?

माझ्याजवळ त्या वेळी आधार होता, तोही सांगतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं की लुगडं नेसायची ती पद्धत सोडा, ते चांदीचे दागिने टाका, त्यावरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता. हे मी वाचलं होतं. पण वाचलं म्हणजे कळलं असं नाही. लुगडं बदलता येतं, चांदी उतरवता येते. गोंदण कातडीच्या आत असतं. आणि बाबासाहेबांचं ते सांगणं बायांची मान ताठ व्हावी म्हणून होतं. माझ्या बोलण्यानं आजीची मान खाली गेली. शब्द त्यांचेच घेतले, पण काम उलटं केलं.

दोस्तांनो, अंगावरच्या खुणेचा इतिहास आपल्याला नवा नाही. पेशवाईत पुण्यात आपल्या माणसाच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू, हे आपण भाषणात नेहमी सांगतो. पण बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन'मध्ये आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. मनगटात नाहीतर गळ्यात काळा दोरा बांधायचा, म्हणजे चुकूनही कोणी शिवणार नाही. पेशवाई गेली, इंग्रज आला. बंगालात कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदायची कायदेशीर रीत त्यानं १८४९ पर्यंत चालवली. इंग्रज गेला. मग १९९३ साली अमृतसरला पोलिसांनी चार बायकांच्या कपाळावर 'जेबकतरी' असं गोंदलं. त्या पोलिसांना शिक्षा व्हायला २०१६ साल उजाडलं. तेवीस वर्षं! राज्य बदललं, सुई तीच.

आता माझ्या मनगटाकडे या. एका सहा डिसेंबरला दादरला गेलो होतो. शिवाजी पार्कच्या कडेला मशीन घेऊन बसणाऱ्याकडून उजव्या हातावर 'जय भीम' गोंदवून घेतलं. कोणी हात धरला नव्हता. रक्त आलं तरी हसत होतो. दुसऱ्या दिवशी कामावर जॉबरनं मनगट बघितलं. त्या दिवसापासून त्यानं माझं आडनाव विचारलं नाही. गरजच उरली नाही. माझ्या अभिमानाचा त्यानं काळा दोरा केला.

माझ्याबरोबरचा एक जण केंद्रीय पोलीस दलाच्या भरतीला गेला. धावण्यात पहिला. उजव्या हातावरच्या गोंदणापायी बाहेर. नियम असा की डाव्या हाताच्या आतल्या अंगाला चालतं, उजव्याला नाही, कारण उजवा हात सलाम ठोकतो. सलाम ठोकणारा हात कोरा पाहिजे! पडद्यावरच्या हिरोनं दंडभर गोंदवलं की ती फॅशन. आपल्या पोरानं गोंदवलं की तो मवाली. आजीनं गोंदवलं तर ती अडाणी. शाई एकच, पण अर्थ अंग बघून लागतो.

इथं मी थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. जॉबर वाईट, पोलीस वाईट, आपण चांगले. पण हातावर 'जय भीम' नसलेल्या पोराला मीच 'कच्चा' म्हणायचो. चार जणांत त्याची खिल्ली उडवायचो. म्हणजे मीही कातडीच वाचत होतो. जॉबर माझं मनगट वाचतो, मी आजीचा हात वाचतो. फरक काय राहिला? जन्मावरून माणूस ओळखू नका असं सांगणारी चळवळ शाईवरून माणूस ओळखायला लागली, तर आपण फक्त खूण बदलली, रीत तीच ठेवली.

तेव्हा गोंदण चांगलं की वाईट, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. विचारायचं ते असं : सुई कोणाच्या हातात होती? ज्याच्या अंगावर ती टोचली त्याला 'नको' म्हणता येत होतं का? नसेल, तर जाब सुई धरणाऱ्याला विचारा, अंगाला नको. आणि स्वतःहून गोंदवलं असेल, तर त्यानं काय केलं ते बघा, काय कोरलं ते नव्हे. माझ्या हातावर भीम आहे, पण त्या दिवशी विहारात तो हात भीमाचा नव्हता.

आजीला न्हाऊ घातलं तेव्हा तिचा हात मी पुसला. तुळस तशीच होती, सुरकुत्यांत थोडी पसरलेली. त्या हातानं आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं आणि माझी वह्या-पुस्तकं घेतली. या वेळी मी तिच्या हातावर पदर ओढला नाही.