पसंती कोणाची?

‘मुलगी पसंत आहे’ या तीन शब्दांच्या वाक्यात पसंत करणारा कोण, हे कोठेच सांगितलेले नसते. ही उणीव व्याकरणाची नव्हे, नीतीची आहे. पसंती मुलाची, त्याच्या शेजारी बसलेल्या मावशी-आत्यांची, की उद्या मांडवात ‘जोडा काही शोभत नाही’ असे कुजबुजणाऱ्या चार पाहुण्यांची?

हा प्रश्न नव्याने मनात आला तो एक इंग्रजी नाटक वाचताना. नील लाब्यूट या अमेरिकन नाटककाराचे ‘फॅट पिग’ २००४ साली न्यूयॉर्क येथे रंगभूमीवर आले. ‘लठ्ठ डुक्कर’ असा त्या नावाचा सरळ अर्थ. जगाने नायिकेला दिलेली ती शिवीच आहे. ही नायिका हेलन, एका ग्रंथालयात काम करते. ती स्थूल आहे, बुद्धिमान आहे, आणि स्वतःच्या देहावर विनोद करण्याइतकी मोकळी आहे. दुपारच्या जेवणाच्या गर्दीत टॉम नावाच्या तरुणाशी तिची ओळख होते आणि तो तिच्या प्रेमात पडतो. या प्रेमाच्या आड कोणीही खलपुरुष येत नाही. आड येतात ते टॉमच्या कचेरीतले सहकारी आणि त्यांचे हसणे. कार्टर नावाचा मित्र तर तिचे छायाचित्र कचेरीभर फिरवतो. अखेर कचेरीच्या मंडळींबरोबर समुद्रकिनाऱ्यावर गेले असता, इतरांपासून दूर बसलेला टॉम तिला सांगतो की आपण दुर्बळ आहोत, हे आपल्याला झेपणार नाही. त्याच्यासाठी आपला देह बदलण्याचीही तिची तयारी असते. पण त्याचा धीर सुटलेला असतो.

कार्टरच्या कोट्यांवर प्रेक्षक प्रथम मनमुराद हसतो. शेवटी त्याच्या ध्यानात येते, की टॉमला ज्या हास्याचे भय वाटले त्यात आपलाही आवाज मिसळला होता. या विनोदी नाटकाचा खरा डंख तेथे आहे.

टॉमच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. मनुष्य समाजात राहतो. चारचौघांच्या मताची चाड हा सदाचाराचा एक आधारच आहे, आणि ती ज्याने सोडली त्याला आपण निर्लज्ज म्हणतो. तथापि येथे एक भेद केला पाहिजे. अ‍ॅडम स्मिथने १७५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात स्तुती मिळावी ही इच्छा आणि स्तुतीस पात्र व्हावे ही इच्छा निरनिराळी मानली आहे. पहिलीचा न्याय बाहेरचे बघे करतात. दुसरीचा, आपल्या अंतरात बसलेला निःपक्षपाती प्रेक्षक. टॉमला हे दोघेही ठाऊक आहेत. हेलन योग्य आहे असा कौल आतल्या प्रेक्षकाने केव्हाच दिलेला आहे. टॉम मानतो तो मात्र शेजारच्या मेजावरच्या माणसाचा. त्याला सौंदर्य दिसले नाही असे नाही. दिसूनही ते दिसल्याची साक्ष द्यायला तो कचरला, हा त्याचा अपराध आहे.

हे मी अधिकाराने लिहितो. कारण तो अपराध माझ्याही हातून घडला आहे. सुमारे दहा वर्षांपूर्वी दिल्लीच्या कचेरीतून चार दिवसांची रजा काढून मी मुलगी पाहण्यास गेलो होतो. काय वाचता, असे तिने विचारले. ‘फायली’, असे मी म्हणताच ती खळखळून हसली आणि म्हणाली, “मग त्यांचा शेवट तरी सांगा.” मला ती आवडली. परतीच्या गाडीत आत्या म्हणाली, “मुलगी गुणी आहे रे, पण रंगाने जरा उजळ असती तर!” कचेरीत छायाचित्र पाहून एका सोबत्याने नुसत्या भुवया उंचावल्या. आठ दिवसांनी त्या घरी ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप गेला. वास्तविक छत्तीसांपैकी चोवीस गुण जुळल्याचे वडिलांनी जाण्याआधीच पाहिले होते. आमच्या भ्याडपणाचे खापर आम्ही बिचाऱ्या ग्रहांवर फोडले, आणि मी गप्प राहिलो.

टॉमने निदान तोंडावर खरे सांगितले, एवढे तरी त्याचे श्रेय. परंतु त्या खरेपणाचे मोल किती? दुर्बळतेची कबुली देणाऱ्याचे मन हलके होते. भार मात्र ऐकणाऱ्याच्याच माथी राहतो. माझा हा लेखही त्याच जातीचा आहे, हे मी जाणतो.

अष्टावक्राची कथा आपल्याकडे सांगतात. त्याचे वाकडे अंग पाहून जनकाची सभा हसली, तेव्हा ‘ही तर कातड्याची पारख करणाऱ्यांची सभा’ असे तो म्हणाला. अष्टावक्राचे धैर्य आपण वाखाणतो. मला मात्र जनकाचे स्मरण अधिक होते. सारी सभा हसत असता त्याने त्या मुलाचे शिष्यत्व पत्करले. ज्याला हसतात त्याने धीर धरावा, असा उपदेश सोपा आहे. जो हसणाऱ्यांत बसला आहे त्याचे कर्तव्य कठीण आहे.

गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीला एक स्थळ पाहून गेले. मुलगा तिच्याशी तासभर मोकळेपणाने बोलत होता. आठ दिवसांनी निरोप आला: पत्रिका जुळत नाही. ताईने मला विचारले, “पत्रिका तर तूच पाहिली होतीस ना?” मी हो म्हटले. त्यापुढे तिला सांगण्यासारखे जे होते, ते सांगण्याचा धीर मला अद्याप झालेला नाही.